बोटी निघाल्या आहेत

पाऊस केव्हाच थांबला होता. आकाश पुसलेल्या काचेसारखं स्वच्छ होतं, ऊन डोळ्यांत खुपत होतं, आणि तरीही नदी चढत होती. वर कुठेतरी धरणाचे दरवाजे उघडले होते. पाणी मुकाट्याने, दुपारच्या उन्हात चकाकत माणसांच्या घरांत शिरत होतं. मोबाइलचे मनोरे बंद पडले होते, विजेचे खांब आडवे झाले होते, आणि मधोमध तुटलेल्या पुलाच्या दोन टोकांनी एकमेकांशी अबोला धरला होता.

अशा वेळी शहराला कानवाल्या बाईंची आठवण झाली. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं श्रवणयंत्रं दुरुस्त करण्याचं चिमुकलं दुकान होतं, म्हणून हे नाव. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे कान आपल्या ड्रॉवरमध्ये आहेत, असं त्या स्वतःच सांगत. पण त्यांचा खरा जीव होता रेडिओत. परवाना काढून, परीक्षा देऊन, हौसेने रेडिओ चालवणाऱ्यांची त्यांची एक टोळी होती. कोणी टायरची पंक्चरं काढणारा, कोणी औषधविक्रेता, कोणी शाळेतला कारकून. एरवी ही माणसं दूरदूरच्या अनोळखी लोकांशी हवापाण्याच्या गप्पा मारत, आणि शेजारीपाजारी त्यांच्या छतांवरच्या एरियलकडे बघून हसत. संकट आलं की मात्र हीच माणसं आपापलं यंत्र आणि गाडीची बॅटरी उचलून ठरल्या जागी जाऊन बसत. त्यासाठी पगार नव्हता की गणवेश नव्हता, आणि आभारही बहुधा नव्हतेच.

आपत्ती कक्षाच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर, आतल्या भिंतीला लागून, एका लोखंडी कपाटाच्या आडोशाला बाईंना टेबल मिळालं होतं. तेच केंद्र. सगळ्या ठाण्यांनी, म्हणजे यंत्र मांडून बसलेल्या प्रत्येकाने, एकाच लहरीवर बोलायचं, एकाचं सगळ्यांना ऐकू जायचं, आणि कोणी कधी बोलायचं ते बाईंनी ठरवायचं. बटण दाबलं की बोलता येतं, सोडलं की ऐकता येतं. दोन्ही एकदम होत नाही. म्हणून बोलणं संपलं की ‘ओव्हर’ म्हणून दुसऱ्याला वाट द्यायची.

नदीपलीकडच्या वस्तीतलं ठाणं सांभाळत होत्या बाईंच्या वहिनी. थोरल्या भावाने या दोघींनाही हे वेड लावलं होतं आणि तो गेल्यावर ते त्यांच्याकडेच राहिलं होतं. वहिनी वस्तीत कोंबड्या पाळत, त्या रेडिओवर आल्या की मागे कोंबड्यांची कुरकुर ऐकू येई आणि टायरवाला म्हणे, “आज ठाण्यावर कर्मचारी वाढलेले दिसतात.” नणंद-भावजयींचं घरात एका वाक्यावर कधी एकमत झालं नव्हतं. भाऊ गमतीने म्हणायचा की या दोघी एकमेकींना वाक्य पुरं करू देतात ती जगातली एकच जागा म्हणजे रेडिओ, आणि तेही ‘ओव्हर’च्या भीतीने. घरात वहिनी त्यांना ‘वन्सं’ म्हणत, आणि त्या एका शब्दात किती टोचणी भरता येते ते बाईंना ठाऊक होतं. रेडिओवर मात्र त्या फक्त ‘केंद्र’ आणि ‘शाळा’ असत.

‘शाळा’ अशासाठी की वस्तीतल्या सगळ्या माणसांना तिथे गोळा करण्याचा आदेश होता. इमारत पक्की होती, पण सखल जागी. शाळेमागे एक ओढा, ओढ्यापलीकडे चढण, आणि चढणीवर दगडाची जुनी खाण. खाणीपर्यंत पाणी पोचणं या जन्मी शक्य नव्हतं. मात्र ओढा भरला की तिकडची वाट बंद. दुपारी वहिनींचा निरोप आला तो याबद्दलच. शाळेच्या मागच्या बाजूने पाणी येऊ लागलं आहे, ओढा अजून गुडघाभर आहे. इथेच थांबायचं की खाणीवर चढायचं, ते ताबडतोब कळवावं. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि कुबड्यांवर चालणारा शिंपी सोबत आहेत.

बाईंनी निरोप शब्दशः उतरवून समन्वयक साहेबांच्या हातात दिला. साहेब तरुण होते, सभ्य होते. कालपासून त्याच एका शर्टात होते. त्यांनी कागद वाचला, आतल्या खोलीत जाऊन वरिष्ठांशी उपग्रहाच्या फोनवर बोलले आणि उत्तर लिहून आणलं: शाळेतच थांबा. घाबरू नका. बोटी निघाल्या आहेत.

बाईंनी ते जसंच्या तसं पाठवलं. हा त्यांच्या व्यवसायाचा नसला तरी धर्माचा पहिला नियम होता. भाऊ म्हणायचा, निरोप्याने टपालपेटीसारखं असावं. पेटी पत्र वाचत नाही, त्यावर मत देत नाही आणि काना-मात्रा बदलत नाही. निरोपाची जबाबदारी देणाऱ्याची. हा नियम किती चांगला आहे ते बाईंनी नवशिक्यांना किती वेळा समजावलं होतं. घाबरलेल्या निरोप्याने पदरचा एक शब्द घातला, तर पलीकडे कोणीतरी चुकीचं औषध घेतं, चुकीच्या वाटेने जातं.

वहिनींनी निरोप वाचून दाखवला. मग, नियमात नसलेला एक प्रश्न त्यांनी विचारला. “केंद्र, बोटी नक्की निघाल्या का? ओव्हर.”

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली.

“निघाल्या आहेत. ओव्हर.”

तेवढ्यात टायरवाला मध्ये घुसला. तो पुलाच्या तुटक्या टोकाशी, आपल्या गाडीच्या टपावर ठाणं मांडून बसला होता, आणि नदीवरून काहीही जायचं झालं तर ते त्याच्या नाकासमोरून जाणार होतं. “केंद्र, पुलावरून. कसल्या बोटी? इकडून तर अजून कागदाची होडीसुद्धा...”

बाईंनी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. त्याचं बटण सुटताक्षणी, नवशिक्याला झापावं तशा आवाजात, त्यांनी त्याला सुनावलं की केंद्राने विचारल्याशिवाय कोणी बोलायचं नाही. ही लहर गप्पांची नव्हे. टायरवाला गप्प झाला. लहरीवर पुन्हा शिस्तीची शांतता पसरली, आणि त्या शांततेचं बाईंना थोडं समाधानही वाटलं.

त्यानंतर बराच वेळ वस्तीकडून काही आलं नाही. बोटी निघाल्या आहेत म्हटल्यावर विचारायचं काय होतं? तिकडे माणसं बाकांवर पाय वर घेऊन बसली होती आणि नदीकडच्या खिडकीतून बघत होती. हे बाईंना नंतर कळलं.

बॅटरी उतरू लागली तेव्हा त्या दुसरी आणायला मागच्या जिन्याने खाली निघाल्या. जिन्याच्या वळणावर गज नसलेली एक खिडकी होती. बाई सहज थांबल्या. खाली अंगणात, नव्या ताडपत्रीच्या मांडवात, केशरी रंगाच्या रबरी बोटी आपापल्या ट्रेलरवर बसल्या होत्या. त्यांचं प्लास्टिकचं वेष्टणही पुरतं काढलेलं नव्हतं. एका ट्रेलरच्या दांड्यावर बोटींचा मुकादम, हा दांडगा, उघड्या अंगाचा गृहस्थ, रुमालाने वारा घेत बसला होता. मांडवासमोर दोन माणसं खुर्च्यांची रांग सरळ करत होती, आणि तिसरा एक कॅमेऱ्याची तिपाई कुठे ठेवली म्हणजे ऊन मागे येणार नाही ते बघत होता.

बाई दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेल्या. मुकादमाला विचारलं, बोटी परत कधी आल्या? तो म्हणाला, “परत यायला आधी गेल्या पाहिजेत ना, बाई. मोठे साहेब येणार, हात दाखवणार, फोटो निघणार, मग आम्ही निघणार. सकाळपासून बूड भाजून घेतोय इथे.”

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय, ते बाईंना त्या क्षणी कळलं. आग खरोखरच पायांतून चढली, कारण पुढचं त्यांना एवढंच आठवत होतं की बॅटरी न घेताच त्या वर आल्या होत्या. राग साहेबांवर होता, खुर्च्यांवर होता, त्या तिपाईवर होता. पण त्याच्या तळाशी आणखी एक राग होता, आणि तो जास्त भाजत होता. वस्तीने विश्वास ठेवला होता तो साहेबांवर नव्हे. साहेबांना तिथे ओळखतं कोण? विश्वास ठेवला होता तो बाईंच्या आवाजावर. आणि ज्या एका माणसाला डोळ्यांनी दिसत होतं, त्याला त्यांनी शिस्तीच्या नावाखाली गप्प बसवलं होतं.

साहेब नकाशावर वाकले होते. बाईंनी आवाज चढवला नाही. बोटी अंगणात आहेत, एवढंच म्हणाल्या.

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. ते खोटं बोलले नाहीत. त्याची त्यांना गरजच वाटली नाही. बोटी तयार आहेत, इंधन भरलेलं आहे, वरिष्ठ कुठल्याही क्षणी पोचतील. म्हणजे निघाल्यातच जमा. लोकांनी धीर सोडू नये म्हणून तसं लिहिलं. घबराट झाली की चेंगराचेंगरी होते, हे बाईंसारख्या अनुभवी व्यक्तीला सांगायला नको.

“तिथे ओढा गुडघाभर होता तेव्हा त्यांनी विचारलं होतं,” बाई म्हणाल्या. “धीर नव्हता मागितला. वाट मागितली होती.”

साहेबांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. तो माणूस दगड नव्हता; पण त्याच्या हातात फोन होता आणि फोनच्या पलीकडच्या टोकाला त्याची सगळी नोकरी होती. त्याने अगदी हळू आवाजात सांगितलं की बोटी सोडण्याचा अधिकार त्याला नाही, आणि पाठवलेला निरोप आता फिरवता येणार नाही. बाईंनी फक्त दिलेलं वाचावं. त्यासाठीच त्यांना इथे बसू दिलं आहे.

नियमात एक फट होती, आणि ती भावानेच दाखवून ठेवली होती. टपालपेटीलाही स्वतःचं एक पत्र टाकण्याची मुभा असते. फक्त त्यावर आपलं नाव घालायचं. बाई टेबलाशी गेल्या आणि त्यांनी बटण दाबलं.

“शाळा, केंद्राकडून. हा कार्यालयाचा निरोप नाही, हा माझा आहे. बोटी निघालेल्या नाहीत. मी आत्ताच डोळ्यांनी पाहून आले, अंगणात उभ्या आहेत. मघाशी मी तुम्हाला न बघता सांगितलं. वाट असेल तर आत्ताच्या आत्ता खाणीवर चढा. ओव्हर.”

कक्षातल्या सगळ्या माना वळल्या. साहेब दोन पावलं पुढे आले आणि थांबले. एरियलची तार उपटायची तर एवढ्या लोकांदेखत उपटावी लागली असती.

 मग वहिनींचा आवाज आला, आणि त्याला कसलाच चढउतार नव्हता. ओढा आता कमरेच्या वर आहे. रस्सीखेचीचा दोर आहे, तो बांधून माणसं पलीकडे नेतो. शिंपी दोराने जाऊ शकत नाही. त्याची बायको त्याला सोडायला तयार नाही. त्यांच्याजवळ आपण थांबत आहोत. शेवटी त्या म्हणाल्या, “आता तुम्ही सगळे ऐका.”

‘ओव्हर’ त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी बटण सोडलंच नाही.

बटण दाबून धरणं हे रेडिओवाल्यांच्या जगातलं सगळ्यांत मोठं पाप. एकाने बटण धरलं की सगळी लहर त्याची होते. बाकीच्यांना फक्त ऐकावं लागतं. वहिनींना हे माहीत नव्हतं असं थोडंच होतं. नव्या नवरीच्या वयात एकदा चुकून बोट तसंच राहिलं होतं, तर बाईंनी त्यांना सगळ्यांदेखत बोलून घेतलं होतं आणि त्यावरून दोघींत महिनाभर अबोला होता. आज चूक नव्हती. आज त्या ऐकवत होत्या.

आपत्ती कक्षात शाळा ऐकू येऊ लागली. पाण्याचा बाकांवर आपटण्याचा आवाज. कोणीतरी मुलांना एकेकाच्या नावाने पुढे बोलवत होतं. एका म्हातारीचं कण्हणं दूर दूर जात विरलं, म्हणजे ती दोराने पलीकडे गेली असावी. कुबडी कुठेतरी आपटली आणि शिंपी बायकोला म्हणाला, अगं जा तू, माझं माप घेऊन झालंय. त्यावर ती जे म्हणाली ते लिहिण्याजोगं नाही; पण जागची ती हलली नाही, एवढं सगळ्यांना कळलं. या साऱ्यावर कोंबड्यांचा कलकलाट होता.

साहेब म्हणाले, आवाज कमी करा. बाईंनी आवाज वाढवला. मग त्यांनी लाउडस्पीकर तारेसकट उचलला, जिन्याच्या वळणावर ओढत नेला आणि खिडकीत, तोंड अंगणाकडे करून ठेवला.

खाली खुर्च्या सरळ करणारे थांबले. मुकादमाने रुमाल हलवायचं थांबवलं. काही वेळ तो नुसता ऐकत राहिला. शिंप्याच्या बायकोच्या शिव्यांनंतर पाण्यात काहीतरी जड कोसळलं, आणि वहिनींचा श्वास जवळून ऐकू आला. मुकादम उठला. त्याने प्लास्टिकचं वेष्टण दोन्ही हातांनी फाडलं आणि ट्रेलर जीपला लावायला सुरुवात केली. त्याची माणसं न सांगता हलली. मांडवाचा एक खांब ट्रेलरला अडकून आडवा झाला. कोणी तो उचलला नाही.

साहेब खिडकीशी आले आणि वरून ओरडले की अजून आदेश आलेला नाही.

“ऐकू येत नाही, साहेब,” मुकादम खालून म्हणाला. “कानवाल्या बाई तुमच्या शेजारीच उभ्यात, त्यांना दाखवून घेईन नंतर.”

जीप फाटकातून बाहेर पडली. बाई धावत टेबलाशी आल्या आणि त्यांनी माइक उचलला. बोटी निघाल्या होत्या. आता ते वाक्य खरं होतं, त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं, आणि आता ते पाठवता येत नव्हतं. जोवर पलीकडचं बटण सुटत नाही तोवर इकडचं एक अक्षर तिथे पोचणार नव्हतं. बाई माइक हातात धरून बसल्या. आता शिक्षा त्यांना मिळत होती: नुसतं ऐकण्याची. पाणी खिडकीच्या चौकटीत खळखळत होतं. शिंपी आता गप्प होता. वहिनी कोणाला तरी, बहुधा कोंबड्यांना, हलक्या आवाजात दटावत होत्या.

मग त्या खळखळीमागे एक बारीक घरघर उमटली. आधी ती यंत्रातलीच वाटली. बाईंनी सवयीने बटण फिरवून पाहिलं. घरघर वाढली, फुटक्या ढोलासारखी झाली, आणि मुकादमाचा आवाज आला, की डोकी खाली घ्या, खिडकीतून घेतो एकेकाला. कपाटाशी उभा असलेला शिपाई न सांगता खाली धावला आणि बाईंची राहिलेली बॅटरी घेऊन आला.

बटण सुटलं आणि पुन्हा दाबलं गेलं. वहिनी बोलल्या.

“केंद्र, शाळेकडून. शिंपी, त्याची बायको आणि मी बोटीत. बाकीचे खाणीवर. बोट आली आहे. हे मी माझ्या डोळ्यांनी बघून सांगते आहे.” मग घरच्या आवाजात, “घरी बोलू, वन्सं. ओव्हर.”

“समजलं,” बाई म्हणाल्या.

संध्याकाळच्या सुमारास साहेब पुन्हा टेबलाशी आले. त्यांनी चेहरा धुतला होता. वरिष्ठ आलेच नव्हते. रस्ता बंद होता. साहेबांच्या हातात सगळ्या ठाण्यांसाठी नवा निरोप होता. त्यांनी तो बाईंपुढे ठेवला आणि सुटल्यासारखे हसून म्हणाले, “शेवटी बोटी गेल्याच ना, बाई? कोणाला काही झालं नाही, हे महत्त्वाचं.”

बाईंनी वाचलं. बचावकार्य नियोजनाप्रमाणे वेळेत सुरू झाले. अफवांवर विश्वास ठेवू नये.

दुपारचा राग पेटलेला होता; हा थंड होता. बाईंनी कागद नीट सरळ केला, त्यावर माइक ठेवला आणि दोन्ही वस्तू टेबलावरून साहेबांकडे सरकवल्या.

“हे तुम्हीच सांगा. नियमात बसतं, परवानावाली मी शेजारी बसून असेन. बटण दाबून धरायचं, आधी आपलं नाव सांगायचं, मग हे वाचायचं. पूल ऐकतोय, खाण ऐकतेय, शाळेचं यंत्र आता तिथेच आहे. सगळे ऐकतायत.”

साहेबांनी माइक उचलला. त्यांचा अंगठा बटणावर गेला, कक्षातला प्रत्येक जण आपापल्या कामात मान घालून उभा राहिला, आणि तो अंगठा खाली दाबला गेला नाही. त्यांनी माइक हलकेच टेबलावर ठेवला. कागद मात्र घडी करून खिशात घातला. तो आणखी कुठेतरी, न बोलता, वापरला जाणार हे बाईंना समजलं. त्याला त्यांचा इलाज नव्हता.

त्यांनी माइक ओढून घेतला.

“केंद्राकडून सर्व ठाण्यांना. मघाशी मी विचारल्याशिवाय बोलू नका असं म्हटलं, ते मागे घेते. ज्याला जे दिसत असेल ते त्याने सांगावं, मी विचारो न विचारो. पूल, तुम्हाला मी मध्येच तोडलं होतं. वाक्य पुरं करा. ओव्हर.”

 टायरवाला रुसला होता, आणि त्याचा तो हक्क होता. अखेर बटण दाबल्याची खटकी आली. आणि मग, अजून रागातच असलेल्या आवाजात, नदीचं पाणी कुठल्या खांबाला लागलं आहे, काय वाहून चाललं आहे आणि कोण अजून छतावर बसून हात करतं आहे, ते सगळं तो सांगू लागला. बाई ऐकत राहिल्या.